मृग ते खंडेनवमी : जुन्या रंधा मशीनची निगा

सुतारकामाचे जोडयंत्र म्हणजे बिडाच्या एकाच सांगाड्यावर बसवलेली तीन-चार यंत्रे. वरच्या टेबलावर लाकूड सपाट करणारा रंधा, त्याच्याच पोटात फळी एकसारख्या जाडीची करणारा थिकनेसर, बाजूला गोल करवत, आणि रंध्याच्या दांड्याच्या टोकाला गिरमिट अडकवून कुसवासाठी खाच पाडण्याची सोय. काही यंत्रांना उभ्या दांड्यावर फिरणारा मोल्डरही असतो; चौकटीला गोला-गलता काढायला तो लागतो. मोटर मात्र एकच. पट्टा या पुलीवरून त्या पुलीवर टाकला की काम बदलते. सुतारांच्या बोलण्यात या सगळ्या कुटुंबाला मिळून एकच नाव आहे : रंधा मशीन.

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या डोंगरपायथ्याच्या तालुक्यांत अशा यंत्राला काम भरपूर. इथल्या जंगलात आणि खाजगी रानात साग, ऐन, किंजळ ही इमारती झाडे आहेत. मुंबई-पुण्याच्या लोकांनी बांधलेल्या फार्महाउसांना जुन्या वाड्यांतून उतरवलेले सागाचे वासे आणि तुळया नव्याने रंधून हव्या असतात. १८५० नंतर वसलेले माथेरान कर्जत तालुक्यातच येते. तिथल्या लाकडी व्हरांड्यांच्या बंगल्यांची डागडुजी कधी संपत नाही, आणि वर मोटारीला बंदी असल्याने माल घोड्याच्या पाठीवरून आणि हातगाडीने चढवावा लागतो. लाकूड खालीच मापात तयार केलेले बरे पडते. खालापूर तालुक्यातील चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला, तेव्हापासून किल्ले आणि राजवाड्यांचे भव्य सेट ही सुतारकामाची आणखी एक शाखा या भागात आली.

पण याच मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि बिडाला पाण्याइतका दुसरा वैरी नाही. मृगापासून पुढचे चार महिने हवा इतकी दमट असते की उघडे टेबल एका रात्रीत तांबूस होते. म्हणून इथे जुने यंत्र दुरुस्त करणे आणि ते दुरुस्त ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा अवघड आहे.

लाकूडकामाच्या यंत्रांचा इतिहास अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. इंग्लंडमध्ये गोल करवतीचे पेटंट सॅम्युएल मिलर याने १७७७ मध्ये घेतले. रंधायंत्रासह लाकूडकामाच्या कितीतरी यंत्रांची कल्पना सॅम्युएल बेंथम याच्या १७९१ आणि १७९३ च्या पेटंटांत आहे. वाफेच्या इंजिनावर चालणारी ही यंत्रे मोठ्या कारखान्यांची होती. छोट्या दुकानाला परवडणारे जोडयंत्र पुढे आले. अमेरिकेत ओहायोतील लीटोनिया गावची क्रेसेंट कंपनी अशी यंत्रे करत होती. १९४७ मध्ये हान्स गोल्डश्मिट याचे शॉपस्मिथ घरगुती हौशी सुतारांपर्यंत पोचले. इंग्लंडमध्ये डर्बीचे कोरोनेट, ऑस्ट्रियात १९५६ पासून फेल्डर ही नावे जोडयंत्रांसाठी ओळखली जातात. भारतात बटाला, लुधियाना आणि राजकोट या बिडाच्या ओतकामाच्या गावांनी जाड बिडाची, साधी, ढोबळ पण टिकाऊ यंत्रे देशभर पुरवली. त्यांची खरी श्रीमंती अशी की त्यांत असे काहीच नाही जे तालुक्याच्या गावातल्या लेथवाल्याला करता येणार नाही.

जुने यंत्र घेताना रंगाकडे आणि गंजाकडे पाहून निर्णय घेऊ नये. वरचा गंज निघतो. पाहायचे ते तीन जागी. पहिली जागा कटर ब्लॉक, म्हणजे पाती धरणारा पोलादी दंडगोल. त्याला बारीकशी जरी चीर असली, पाती आवळणाऱ्या बोल्टांचे आटे झिजलेले असले, तर तो ब्लॉक बाद. दुसरी जागा टेबले : ज्या उतरत्या खाचांवर ती वर-खाली सरकतात तिथे बीड तडकलेले आहे का. तिसरी जागा मुख्य दांडा. पट्टा काढून हाताने फिरवल्यावर तो डगमगत असेल तर बेअरिंगचा दोष असू शकतो, तो सुटतो. पण दांडाच वाकलेला असेल तर नवा दांडा करून घ्यावा लागतो. आडपट्टी, हँडल, पुली, झाकणे हरवलेली असली तर बिघडत नाही, ती करता येतात.

हरवलेला बिडाचा भाग पुन्हा घडवण्यात सुतारालाच पहिला मान असतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ओतकामासाठी आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. तिलाच पॅटर्न म्हणतात, आणि तो बहुधा सागाचा असतो, कारण साग हवेने फारसा फुगत-आक्रसत नाही. थंड होताना बीड साधारण एक टक्का आक्रसते, म्हणून फुटामागे एक अष्टमांश इंच मोठा पॅटर्न करावा लागतो. तासून घ्यायच्या पृष्ठभागावर आणखी जादा ठेवावे लागते आणि बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न वाळूतून निघताना साचा मोडतो. महाराष्ट्रात बिडाच्या ओतकामाचे मोठे केंद्र कोल्हापूर आहे.

सगळे सुटे केल्यावर गंज काढायचा. लहान भागांना सायट्रिक ॲसिडचे, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूफुलाचे कोमट पाणी पुरते. भाग त्यात काही तास बुडवायचा, ब्रशने घासायचा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून आम्ल मारायचे आणि लगेच कोरडा करून तेल लावायचे. इथे उशीर केला तर तासाभरात पुन्हा तांब चढते. मोठ्या भागांना विजेचा उपाय आहे. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्याला. वीज सोडली की गंज सैल होऊन सुटतो आणि मूळ बीड जसेच्या तसे राहते. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या कामात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावे आणि जवळ विडीसुद्धा पेटवू नये.

टेबलावर मात्र ग्राइंडर फिरवू नये. यंत्र चकचकीत दिसावे म्हणून ग्राइंडरने खाल्लेली टेबले पाहिली की वाईट वाटते. वरचा गंज गेलेला असतो आणि सपाटीही गेलेली असते. तिथे रॉकेल किंवा डिझेल, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर आणि हात, एवढेच हवे. बीड काळसर राहिले तरी चालते. जुना रंग खरवडतानाही घाई नको. पूर्वीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे कोरडा घासून धूळ उडवण्याऐवजी ओला करून खरवडावा.

यंत्राचा जीव बेअरिंगमध्ये असतो. फार जुन्या यंत्रांत बॉल बेअरिंग नसते. दांडा पांढऱ्या धातूच्या ओतीव खोबणीत फिरतो. आयझॅक बॅबिट या अमेरिकनाने १८३९ मध्ये शोधलेला हा धातू म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबे यांचे मिश्रण. स्वस्त प्रकारांत शिसेही असते. तो मऊ असल्याने आधी स्वतः झिजतो आणि दांडा वाचवतो. झिजला की वितळवून काढायचा आणि नव्याने ओतायचा. दांड्याला काजळी धरवतात, म्हणजे धातू चिकटत नाही. दांडा मधोमध धरून कडेच्या फटी बंद करतात, सगळे भाग गरम करतात आणि एका दमात, न थांबता धातू ओततात. या कामात कोकणच्या हवेत विशेष सावध राहावे. खोबणीत पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू तोंडावर उडतो. पावसाळ्यात हे काम करूच नये, आणि उन्हाळ्यातही भाग तापवून पूर्ण कोरडे केल्याशिवाय करू नये. ओतून झाल्यावर तेलाची चर आणि दांड्याची बसकण तासणीने हळूहळू जुळवायची असते. हे हात असलेले कारागीर आता कमी राहिले आहेत.

बॉल बेअरिंगचे काम त्या मानाने सोपे. जुन्या बेअरिंगवरचा आकडा वाचता आला की निम्मे काम झाले. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो : ६२०५ म्हणजे २५, ६२०६ म्हणजे ३०. (हा हिशेब ०४ च्या पुढच्या आकड्यांना लागू पडतो.) भुशाच्या यंत्राला दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंगच घ्यावे. जुने काढायला पुलर वापरावा. नवे बसवताना हातोडीचा ठोका बाहेरच्या कड्यावर कधीच पडू देऊ नये, कारण तो आतल्या गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर खड्डे पाडतो. दांड्यावर चढवायचे बेअरिंग आतल्या कड्यावर नळी टेकवून ठोकावे. उघडे बेअरिंग असेल तर ते शंभर अंशांच्या आसपास तापवलेल्या तेलात ठेवावे. मग ते हाताने सरकते.

कटर ब्लॉकविषयी थोडे हिशेबाने बोलले पाहिजे. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवर आठ इंची आणि ब्लॉकवर अडीच इंची पुली असेल तर ब्लॉकचे सुमारे ४६०० फेरे होतात. चार इंच व्यासाच्या ब्लॉकवरील पात्याची धार तेव्हा ताशी जवळपास ८८ किलोमीटर वेगाने लाकडात शिरत असते. दोन पात्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा एका ग्रॅमने जड असले, तर त्या वेगाला तो एक ग्रॅम प्रत्येक फेऱ्याला साधारण एक किलो वजनाइतका ताण बेअरिंगवर टाकतो. यंत्र थरथरते, आवाज करते, बेअरिंग लवकर जाते, आणि लोक पाया कमकुवत म्हणून खाली काँक्रीट घालत बसतात. पाती धार लावून आणली की सोनाराच्या काट्यावर जोडीने तोलून घ्यावीत; जड असेल त्याची पाठ थोडी घासावी, धार नाही.

पाती बसवणे ही या यंत्रावरची सर्वांत नाजूक गोष्ट. दोन्ही पाती एकाच उंचीची हवीत. एखादे केसभर वर राहिले तर तेच एकटे कापते आणि दुसरे नुसते फिरते. फळी मिनिटाला सहा मीटर वेगाने सरकवली, तर दोन पात्यांच्या कापांतील अंतर सुमारे ०.६५ मिलिमीटर पडते आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. एकच पाते कापत असेल तर ते दुप्पट होते आणि फळीवर बारीक लाटा हाताला लागतात. उंची जुळवायला महागडे माप लागत नाही. एक सरळ, कोरडी सागाची पट्टी मागच्या टेबलावर धरायची, तिच्यावर खूण करायची आणि मोटरची वीज पूर्ण तोडून ब्लॉक हाताने फिरवायचा. पाते पट्टीला स्पर्शून तिला दोन-तीन मिलिमीटर पुढे नेते. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि मग दुसऱ्या पात्यालाही पट्टी तितकीच सरकली पाहिजे.

मागचे टेबल आणि पात्यांची सर्वोच्च रेषा एका पातळीत असते, तेव्हाच रंधा सरळ मारला जातो. टेबल खाली असेल तर फळीचे शेवटचे टोक पुढच्या टेबलावरून सुटताच खाली पडते आणि तिथे खळगा होतो. टेबल वर असेल तर फळी त्याच्या कडेला अडते, किंवा पुढे जाताना वर उचलली जाऊन कमी-कमी कापली जाते. गिऱ्हाईक दाराच्या फळ्या जोडताना जी फट पाहून वैतागते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. दोन्ही टेबले एकमेकांना समांतर आहेत का, हे लांब सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावे. नसतील तर सरकत्या खाचांमध्ये पातळ पितळी पत्र्याचे तुकडे घालून जुळवता येतात.

सागाला धार लवकर जाते, ही सुतारांची नेहमीची तक्रार खरी आहे. सागाच्या लाकडात वाळूतला सिलिका असतो, तोच धार खातो. त्यात जुन्या वाड्याचे लाकूड असेल तर खिळ्यांची भीती. डोके तुटून आत बुडालेला खिळा पात्याला एका क्षणात खाच पाडतो. अशा लाकडावर आधी लोहचुंबक फिरवावे, संशयित जागा पटाशीने उकराव्यात आणि मगच फळी यंत्रावर न्यावी.

जुन्याची जपणूक करताना एका ठिकाणी मात्र ती थांबवलीच पाहिजे. पहिल्या पिढीच्या यंत्रांत कटर ब्लॉक चौकोनी असे. त्याच्या आणि टेबलाच्या मधली पोकळी मोठी, त्यामुळे हात घसरला तर बोटे मुळापासून जात. गोल ब्लॉकात पाते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर असते आणि पोकळी अरुंद असते. इजा होते, पण तेवढी खोल नाही. ब्रिटनने १९२२ च्या नियमांनी हाताने फळी सरकवायच्या रंध्यावर चौकोनी ब्लॉकला बंदी घातली, आणि भारतातील कारखाना नियमांतही गोल ब्लॉकची अट आहे. म्हणून चौकोनी ब्लॉक कितीही अस्सल असला तरी तो काढून ठेवावा आणि त्या मापाचा गोल ब्लॉक बसवावा. रंध्यावर सरकते झाकण, पट्ट्यावर जाळी आणि गोल करवतीच्या मागे तिच्या जाडीची पोलादी पाचरपट्टी हवीच. कापताना लाकडाच्या दोन फाका आवळून करवतीला धरतात, करवतीचा मागचा भाग त्यांना उचलतो आणि लाकूड सुताराच्या पोटावर फेकले जाते. पाचरपट्टी ही मिठी पडू देत नाही. बहुतेक जुन्या यंत्रांवरून ही पट्टी आणि झाकणे कधीचीच काढून कोपऱ्यात टाकलेली असतात, आणि ज्या सुताराचे बोट गेलेले असते त्याच्याच दुकानात ती सापडतात.

भुशाचाही प्रश्न आहे. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले. सागाच्या धुळीने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. तोंडावर रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क आणि यंत्राच्या पोटाला जोडलेला भुसा ओढणारा पंखा हा दुरुस्तीच्या खर्चातच धरावा.

मोटरचे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. तीन अश्वशक्तीच्या आणि पुढच्या मोटरला थ्री फेज जोडणी बरी. तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर चालूच राहिली तर वायंडिंग जळते, म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आणि फेज जाताच तोडणारी सोय हवी. परदेशातून आलेल्या यंत्राबाबत एक बारकावा आहे. ब्रिटिश मोटर आपल्यासारख्याच ५० हर्ट्झवर चालते, पण अमेरिकन मोटर ६० हर्ट्झसाठी केलेली असते आणि इथे एक षष्ठांश हळू फिरते. व्होल्टेजचा मेळ बसला तरी पुली बदलून वेग भरून काढावा लागतो. नवी जोडणी दिल्यावर करवत बसवण्याआधी मोटर कोणत्या दिशेने फिरते ते पाहावे. उलटी फिरली तर करवतीचा नट सैल होतो. दोन फेज आपसात बदलल्या की दिशा बदलते.

वर्षभराच्या निगेचे वेळापत्रक या मुलखात पंचांगानेच आखून दिले आहे. मृग लागण्याआधी सगळा भुसा काढायचा, कारण ओला भुसा म्हणजे टेबलावर ठेवलेले ओले फडके. ऐन आणि खैरासारख्या टॅनिनयुक्त लाकडाच्या ओल्या भुशाने तर बिडावर काळे डाग पडतात. टेबलाला तेल नको, मेण हवे. तेल लाकडात उतरते आणि मग पॉलिश धरत नाही. मेण पातळ लावून फडक्याने चोळले की फळीही सहज सरकते. काम नसेल तेव्हा यंत्रावर प्लास्टिक टाकू नये, त्याच्याखाली दव धरते. जाड सुती कापड किंवा ताडपत्री वाऱ्याला वाट ठेवून टाकावी. बंद सांगाड्यात एक लहान बल्ब पेटता ठेवला तर आतले बीड हवेपेक्षा किंचित गरम राहते आणि त्यावर ओल बसत नाही. यंत्र जमिनीपासून वीतभर उंच चौथऱ्यावर असावे. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठच्या दुकानांना तर याहून उंच चौथरा हवा. २००५ च्या जुलैमधला पूर कर्जतच्या लोकांच्या चांगला लक्षात आहे. पुरात बुडालेले यंत्र वाळले म्हणून कधीही चालू करू नये. गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, बेअरिंग काढून, मोटर उघडून सुकवावी आणि मेगरने इन्सुलेशन किमान एक मेगाओहम दाखवत असेल तरच वीज द्यावी.

पावसाळा ओसरतो तेव्हा खंडेनवमी येते. शस्त्रांबरोबर अवजारांची पूजा करायचा हा दिवस, आणि सुतार त्याआधी आठवडाभर यंत्र पुसायला लागतात. हीच वेळ सर्वांगीण तपासणीची : पट्टे तडकले आहेत का, बेअरिंगचा आवाज बदलला का, पाती सैल झाली का, मेणाचा थर गेला का, मोटरमध्ये ओल राहिली का. नवमीला झेंडूची माळ चढते आणि यंत्र बंद राहते. दसरा झाला की पुन्हा सागाची कोरडी पट्टी मागच्या टेबलावर धरून, ब्लॉक हाताने फिरवून पात्यांची उंची पाहिली जाते, आणि मग पहिली फळी लावली जाते.